बंगालच्या पाण्यांतील सोमल व फॉस्फेट

पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसलें व जिभेस गोड लागलें, म्हणजे तें पिण्यास योग्य आहेच, असें आपण सहज मानतों. हा समज किती घातक ठरूं शकतो, हें गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांतील, म्हणजे पश्चिम बंगाल व बांगलादेश येथील लोकांस फार दुःख सोसून कळलें.

तेथील खेड्यांतले लोक पूर्वीं तळ्यांचें व नद्यांचें पाणी पीत. त्यामुळें पटकी व अतिसार होऊन पुष्कळ बालकें दगावत. म्हणून विशेषतः १९७० नंतर गांवोगांवीं हातपंपाच्या नळविहिरी घालण्यांत आल्या. रोगजंतूंचें भय कमी झालें. परंतु त्या पाण्यांत सोमल, ज्यास रसायनशास्त्रांत आर्सेनिक म्हणतात, आहे काय, हें कोणीं तपासलें नाहीं. या विषास रंग, वास वा चव नसते. १९८३ सालीं कलकत्त्याच्या डॉक्टरांनीं पश्चिम बंगालमधील रोग्यांच्या अंगावरील डाग व तळहातांवरील घट्टे पाहून सोमलाची बाधा ओळखली. १९९३ सालीं बांगलादेशांतील विहिरींतहि तो सांपडला. १९९८-९९ च्या पाहणींत तेथील १५० मीटरहून उथळ विहिरींपैकीं शेंकडा २७ विहिरींत लिटरमागें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक सोमल आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग!

हें विष आलें कोठून? तें कोणीं विहिरींत टाकलें नाहीं. नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळाच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप असतो व त्यास सोमल चिकटलेला असतो. गाळाखालीं पुरलेल्या वनस्पतींचे अवशेष खाऊन सूक्ष्म जंतु जगतात. तेथें हवा नसल्यामुळें ते श्वसनासाठीं या गंजाचाच उपयोग करतात. गंज विरघळतो आणि सोमल पाण्यांत मोकळा होतो.

आतां फॉस्फेटाकडे वळूं. स्फुरद व सोमल हीं मूलद्रव्यें आवर्त कोष्टकांत एकाच स्तंभांत एकाखालीं एक आहेत. म्हणून स्फुरदाचें फॉस्फेट व सोमलाचें आर्सेनेट यांची घडण बरीच सारखी असते, आणि दोघांनाहि गंजावर त्याच जागा हव्या असतात. पंगतींत पाट मोजके असावेत आणि पाहुणे अधिक यावेत, तसा हा प्रकार आहे. फॉस्फेटानें पाट अडविले, कीं सोमल पाण्यांतच उभा राहतो. कधीं कधीं बसलेल्या सोमलासहि फॉस्फेट उठवितें.

शेतांत घातलेल्या खतांतील फॉस्फेटामुळें सोमल सुटत असावा, असें कांहीं शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं सुचविलें होतें. परंतु गंज विरघळणें हेंच मुख्य कारण होय, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. फॉस्फेट त्यास साहाय्य करतें. शिवाय कुजणाऱ्या वनस्पतींतून व विरघळणाऱ्या गंजांतूनहि फॉस्फेट जमिनींतच उत्पन्न होतें.

या ज्ञानाचा घरांतील घागरीशीं निकट संबंध आहे. तेथील पाण्यांत बहुधा लोह असतें. पाणी उपसून ठेवलें, कीं हवेच्या योगानें त्याचा तांबूस गंज बनून तळाशीं बसतो व कांहीं सोमल सोबत नेतो. पुष्कळ गाळण्यांची रचना याच तत्त्वावर केलेली असते. परंतु पाण्यांत फॉस्फेट विपुल असेल, तर गंजावरील जागा तेंच घेतें आणि वर निवळलेल्या पाण्यांत विष शिल्लक राहतें. एका गांवीं उपयोगी पडलेली गाळणी दुसऱ्या गांवीं निष्फळ कां ठरते, याचें हें एक मोठें कारण आहे. अशा ठिकाणीं लोह अधिक घालावें लागतें, नाहीं तर दुसरी विहीर शोधावी लागते. पाणी उकळून मात्र कांहीं साधत नाहीं. त्यानें जंतु मरतात, पण पाणी आटून सोमलाचें प्रमाण उलट वाढतें.

बांगलादेशांत तपासलेल्या पंपांना रंग देण्यांत आले : तांबडा म्हणजे पिऊं नये, हिरवा म्हणजे प्यावें. अक्षरशत्रु मातेसहि ही खूण समजे. पण तो रंग देण्यापूर्वीं कोणीतरी पाण्याची परीक्षा करावी लागली, हें विसरूं नये. प्रयोगशाळेंत परीक्षानळी हातीं घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं निर्मळ दिसणें निराळें आणि निर्मळ असणें निराळें. आणि त्यांतील भेद परीक्षेवांचून कळत नाहीं.