देहाची ओळख

पेण शहरातील गणपतीच्या कारखान्यांत चतुर्थीच्या कितीतरी आधीपासून कामाची लगबग चालू असते. माती मळणे, साच्यातून मूर्ती काढणे, हातपाय जोडणे, रंग देणे ही कामे अनेक हात वाटून घेतात. परंतु डोळ्यांची आखणी मात्र कसलेल्या कारागिराकडेच असते. तो कुंचला उचलतो, पाठ सावरतो, क्षणभर श्वास आवरतो आणि एका रेषेत मूर्तीला दृष्टी देतो. श्वास हलला तर हात हलेल आणि हात हलला तर रेषा बिघडेल, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नसते. ते ज्ञान त्याच्या देहात मुरलेले असते. पेणहून दक्षिणेस रोह्याकडे जावे, तर कुंडलिकेच्या खोऱ्यात पावसाळ्यात भाताची लावणी चाललेली दिसते. चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रियांचे हात आणि पावले एका लयीत चालतात.

कामात रमलेला देह असा शहाणा असतो. पण काम संपले, की तोच कारागीर अवघडलेल्या पाठीकडे आणि तीच शेतकरीण ठणकणाऱ्या कमरेकडे दुर्लक्ष करते. देह दुखू लागेपर्यंत त्याची आठवण न होणे, हा बहुतेक माणसांचा स्वभावच आहे. हा स्वभाव बदलणे, हे योगाचे पहिले काम होय.

डोळे मिटून उजवा हात डोक्यावर न्यावा. हात दिसत नाही, तरीही तो कोठे आहे हे अचूक कळते. स्नायू आणि सांधे यांतील ज्ञानतंतू ही वार्ता मेंदूला अखंड पोचवीत असतात. भूक, तहान, थकवा, छातीतील धडधड यांच्या वार्ताही अशाच आतून येतात. मन इतरत्र गुंतलेले असल्यामुळे त्या ऐकल्या जात नाहीत, एवढेच. आसन म्हणजे शरीराची ओढाताण नव्हे. स्थिरपणे आणि सुखाने टिकणारी बैठक म्हणजे आसन. अशा बैठकीत या मंद वार्ता ऐकू येऊ लागतात. श्वासाचे स्थान तर सर्वांत आगळे आहे. तो आपोआपही चालतो आणि इच्छेनेही आवरता येतो. उच्छ्वास सावकाश व दीर्घ केला, तर हृदयाची गती काहीशी मंदावते आणि क्षुब्ध मन शांत होण्यास साहाय्य होते. देह आणि मन यांच्या सीमेवरील हे दार आहे.

या दाराची शास्त्रीय पद्धतीने पाहणी करणारा एक थोर अभ्यासक महाराष्ट्रात होऊन गेला. पेणहून खोपोलीमार्गे बोरघाट चढून गेले, की लोणावळे लागते. तेथे 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी 'कैवल्यधाम' ही संस्था स्थापन केली. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या माणिकरावांकडे त्यांनी व्यायामविद्या आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योगविद्या संपादन केली. योगाविषयी केवळ श्रद्धेने बोलणारे पुष्कळ होते आणि केवळ थट्टेने बोलणारेही पुष्कळ होते. कुवलयानंदांनी दोन्ही वाटा टाकून प्रयोगाची वाट धरली. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब किती कमी होतो, हे त्यांनी उपकरणाने मोजले. उड्डियानाच्या वेळी शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून असे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. योगोपचार म्हणजे चमत्कार नव्हे, तसाच तो औषधोपचाराचा शत्रूही नव्हे. रोग्याची शक्ती पाहून, जाणत्याच्या देखरेखीखाली, मापाने करावयाचा तो अभ्यास आहे, हा विचार त्यांच्या कार्यातून दृढ झाला. 1927 साली रक्तदाबाच्या विकाराने आजारी असलेल्या महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

गांधीजींच्या सहकाऱ्यांपैकी ज्याने आपला देह आयुष्यभर असाच तपासून, मोजून वापरला, तो मनुष्य पेण तालुक्यातलाच होता. गागोदे या लहानशा गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. तेच पुढे विनोबा म्हणून विख्यात झाले. त्यांचे आजोबा शंभुराव हे व्रतस्थ वृत्तीचे गृहस्थ होते. ते चांद्रायण व्रत करीत. या व्रतात शुक्ल प्रतिपदेस एकच घास घ्यावयाचा, चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवीत पौर्णिमेस पंधरा घासांपर्यंत जावयाचे आणि वद्य पक्षात तसेच एकेक घास कमी करीत यावयाचे. अन्नाला माप असते आणि ते माप आपण स्वतः राखावयाचे असते, हा धडा त्या बालकाला घरातच पाहावयास मिळाला.

आश्रमातून रजा घेऊन विनोबा वाईस संस्कृतच्या अध्ययनासाठी राहिले, तेव्हा ग्रंथांबरोबर त्यांनी शरीराचाही अभ्यास चालविला. रोज दहा-बारा मैल चालणे, पुढे सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि त्यानंतर तीनशे सूर्यनमस्कार, असा आपला क्रम त्यांनी 1918 मध्ये गांधीजींना पत्राने कळविला.

परंतु देहाची ओळख एकदा होऊन कायमची राहत नाही. वर्ध्याकडे कामाचा व्याप वाढत गेला, खाणे अल्प आणि श्रम फार, असे होता होता 1938 साली विनोबांचे वजन अवघ्या 88 पौंडांवर आले. गांधीजी चिंतेत पडले. आपल्याजवळ येऊन राहावे, डॉक्टरांना दाखवावे, थंड हवेच्या ठिकाणी जावे, असे उपाय त्यांनी सुचविले. विनोबांपुढे दोन वाटा होत्या. कामाच्या अभिमानाने देह झिजवीत राहणे ही एक, आणि हा देह आपणास नीट सांभाळता आला नाही हे ओळखून त्याच्याकडे वळणे ही दुसरी. त्यांनी दुसरी वाट घेतली. वर्ध्यापासून थोड्याच अंतरावर, धाम नदीकाठी, पवनार येथे ते राहावयास गेले. नदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी कामाच्या सर्व चिंता मनातून खाली ठेवल्या.

तेथील उपचार अगदी साधा होता. ते शेतात कुदळीने खणीत. पहिल्या दिवशी खणले ते केवळ पाच मिनिटे. पुढे रोज थोडी थोडी मिनिटे वाढविली. दम लागला की थांबावयाचे, श्वास शांत झाला की पुन्हा कुदळ उचलावयाची. आणि थांबलेल्या त्या क्षणी मनात दुसरा विचार आणावयाचा नाही. कालचा देह आज किती पेलू शकतो, हे ते स्वतःच्या देहालाच विचारीत होते. काही महिन्यांत त्यांचे वजन 128 पौंडांपर्यंत वाढले. यात कोणतेही आसन नव्हते. परंतु योगोपचाराची सर्व लक्षणे त्यात होती: मिताहार, क्रमाने वाढणारा श्रम, श्वासाकडे लक्ष आणि निश्चिंत मन. 1951 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, याच किरकोळ देहाने भूदानासाठी पदयात्रा आरंभिली आणि सुमारे तेरा वर्षे देशातील गावोगाव पायी पालथे घातले.

विनोबांच्या या उदाहरणातून मोठा बोध होतो. देहाचे अति लाड करणारा त्याचा दास होतो आणि देहाला केवळ राबविणारा त्याचा निष्ठुर धनी होतो. दोघांपैकी कोणालाही त्याची ओळख होत नाही. जो आपला श्वास, आपली भूक, आपला थकवा तटस्थपणे पाहू शकतो, त्याला हळूहळू आपला राग, आपले भय आणि आपला अभिमान यांकडेही तसेच पाहता येऊ लागते. स्वतःला जाणण्याचा प्रवास असा अगदी जवळून, आपल्याच श्वासापासून सुरू होतो. पेणच्या कारागिराला रेषेपुरती साधणारी ती स्थिरता दिवसभराच्या वागण्यात उतरली, की तिलाच योग म्हणावे.

स्वाध्याय

1. डोळ्यांची आखणी करताना कारागीर श्वास का आवरतो?
2. श्वासाला देह आणि मन यांच्या सीमेवरील दार का म्हटले आहे?
3. कुवलयानंदांनी धरलेली 'प्रयोगाची वाट' तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
4. विनोबांनी पवनारला जाण्यात कोणता अभिमान सोडला, असे तुम्हांस वाटते?
5. 'दास' आणि 'निष्ठुर धनी' या दोन शब्दांतील विरोध पाठाच्या आधारे सांगा.