चीडच्या सुया नकोत, आपलं पाचट घाल

चि. बाळास,


लातूरच्या घरामागं तू बाग लावलीस, वाचून फार बरं वाटलं. चीडच्या सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, ऑनलाइन मागवून वाफ्यांवर पसरू का, असं विचारलंस. नको मागवू. त्या सुयांत गुण आहेत. त्या सावकाश कुजतात, एकमेकींत गुंतून राहिल्यानं वाऱ्यानं उडत नाहीत आणि पाणी खाली जाऊ देतात. उत्तराखंडात त्यांचा जंगलात खच पडतो आणि उन्हाळ्यात वणवा त्यावरच पेटतो. तिथल्या माणसानं त्या गोळा करून बागेत घातल्या तर रानाचंही भलं होतं. त्या सुयांनी जमीन आम्ल होते म्हणतात, त्यावर मात्र विसंबू नकोस. कुजताना ती आम्लता बहुतेक सरते, आणि आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर.

आपली अडचण निराळी आहे. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते. त्या भेगांतून खोलवरची ओल उडते, बारीक मुळं तुटतात. म्हणून आच्छादन भेगा पडायच्या आधी, ओलीवरच घालायचं. मे महिन्यात घाई करून उपयोग नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं. अशा गावात झाडाला घातलेलं पाणी उन्हानं न्यावं, हे मला सहन होत नाही.

आता घालायचं काय? मांजरा नदीकाठी ऊस तुटला की पाचट शेतातच पडतं, हेक्टरी आठ-दहा टन. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, एक टक्क्याच्या जवळ पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. तरीही लोक काडी लावतात, आणि रात्री बांधाबांधानं जाळ दिसला की जीव हळहळतो. तुला चार पोती पाचट कुणीही आनंदानं देईल. सोयाबीनचं भुसकटही चांगलं, पण त्यात राहिलेले दाणे उगवतात, ते उपटावे लागतील. आमच्या अर्धापूरकडं केळीची वाळकी पानं बागेतच अंथरतात. तुझ्या गल्लीत कडुनिंबाचा पाला झाडून ढीग करतात, तोही घे.

पाचटाचे वीतभर तुकडे कर. आधी वाफ्याला पाणी दे, ठिबकची नळी खाली राहू दे आणि वर तीन-चार इंच थर दे. खोडाला चिकटवू नकोस. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेव, नाहीतर साल कुजते. वाळवी लागते का, ते थर उचलून पाहत जा. पाचट मातीत कालवू नकोस. कालवलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. वरच राहिलं तर हा त्रास नगण्य. थर बसला की वरून नवा घाल.

प्लास्टिकचा कागदही मिळतो. ओल तोही धरतो, पण उन्हानं फाटला की तुकडे मातीत राहतात आणि मातीला त्यातून काहीच मिळत नाही.

यंदा तुझ्या सासऱ्यांच्या उसाची तोड झाली की पाचटाला काडी लावू देऊ नकोस. बागेपुरतं तू घे आणि बाकीचं सरीतच राहू द्या, असं त्यांना माझ्या नावानं सांग.

तुझा मामा
अर्धापूर