हातगाडीसाठी योग्य चाकांची निवड

गोठ्यातून दुधाचे कॅन रस्त्यापर्यंत नेणे, टोमॅटो किंवा द्राक्षाचे क्रेट शेडमध्ये आणणे, वैरण व शेण वाहणे ही शेतावरील रोजची कामे आहेत. त्यासाठी बरेच शेतकरी गावातील वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी हातगाडी करून घेतात. सांगाडा मजबूत केला जातो. चाके मात्र दुकानात जी मिळतील ती बसविली जातात. पुढे भरलेली गाडी उंबऱ्यावर अडते, ओल्या जमिनीत रुतते. ढकलणाऱ्याची कंबर भरते आणि गाडी कलंडली तर दिवसाचे दूध मातीत जाते. हे टाळण्यासाठी चाके घेण्यापूर्वी पुढील बाबी विचारात घ्याव्यात.

१. आधी वाट तपासावी

गाडी ज्या वाटेने जाणार ती वाट एकदा पायी चालून पाहावी. फरशी, मुरूम, माती, गोठ्यातील गटार, उंबरा व चढ यांची नोंद करावी. वाटेतील सर्वांत अवघड जागा कोणती हे ठरवून त्या जागेला चालेल असेच चाक निवडावे. शंभर फूट गुळगुळीत कोब्यावर चाललेली गाडी शेवटच्या पाच फुटांत रुतली, तर तिचा उपयोग नाही.

२. वजनाचा हिशेब

गाडीचे वजन व भरलेल्या मालाचे वजन यांची बेरीज करावी. चार चाके असली तरी बेरजेला तीनने भागावे. जमीन उंचसखल असल्यास एक चाक अधांतरी राहते व भार तीन चाकांवर येतो. उदाहरणार्थ, ४० लिटरचा भरलेला दुधाचा कॅन अंदाजे ५० किलोचा होतो. असे चार कॅन म्हणजे २०० किलो व गाडी ४० किलोची धरल्यास एकूण २४० किलो होतात. म्हणून प्रत्येक चाकाची क्षमता किमान ८० किलो असावी. खड्ड्यांच्या वाटेवर हादरे बसतात, त्यामुळे याहून अधिक क्षमतेची चाके घ्यावीत.

३. चाकाचा व्यास

चाक जेवढे मोठे तेवढा अडथळा सहज पार होतो. वाटेत २ सें.मी. उंचीचा दगड आला व त्या चाकावर १०० किलो भार असला, तर चाक वर चढविण्यासाठी आडवा जोर अंदाजे असा लागतो :

१० सें.मी. (४ इंची) चाक – १३३ किलो
२० सें.मी. (८ इंची) चाक – ७५ किलो
४० सें.मी. (१६ इंची) चाक – ४८ किलो

म्हणून ४ इंची चाके फक्त सपाट फरशीवरच वापरावीत. अंगणात व मुरमाच्या वाटेवर किमान ८ इंची चाके घ्यावीत. शेतातील मऊ जमिनीवर चार लहान चाकांऐवजी दोन मोठ्या, रुंद टायरची गाडी करावी. तिचा माल आखाच्या बरोबर वर येईल अशी मांडणी करावी, म्हणजे हातावर भार येत नाही.

४. चाक कशाचे असावे?

नायलॉन : टणक, हलके चालते, पाण्याने गंजत नाही. गुळगुळीत कोब्यासाठी चांगले. खडबडीत जागी आवाज व हादरे फार.

रबर : हादरे कमी, त्यामुळे फळांचे क्रेट वाहण्यास योग्य. तेल व डिझेलपासून जपावे. गाडी भरलेली ठेवून एकाच जागी फार दिवस उभी करू नये; चाक एका बाजूने चपटे होते.

बीड : भार भरपूर पेलते, परंतु फरशी फोडते व मऊ जमिनीत रुतते.

हवेचे टायर : माती व मुरूम यांसाठी सर्वांत उत्तम. बाभळीच्या काट्याने पंक्चर होतात. हवा कमी असल्यास गाडी जड चालते, म्हणून हवा नियमित तपासावी.

५. फिरती व स्थिर चाके

सर्व बाजूंस वळणाऱ्या चाकास बाजारात कॅस्टर म्हणतात. चारही चाके फिरती बसविल्यास गाडी अरुंद जागेत वळते, परंतु उतारावर आडवी पळते. शेतावर दोन स्थिर व दोन फिरती चाके बसवावीत. फिरती चाके मुठीच्या बाजूस ठेवावीत, म्हणजे वळविणे सोपे जाते. चाकाची पट्टी चार बोल्टने बसवावी. वेल्डिंग केल्यास चाक बदलताना सांगाडा कापावा लागतो.

६. बेअरिंग, ब्रेक व निगा

जड गाडीस बुशऐवजी बेअरिंगची चाके घ्यावीत. गोठ्यातील पाणी व मूत्र यांमुळे लोखंड लवकर गंजते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली चिमटी व झाकलेले बेअरिंग पसंत करावे. गोठ्याच्या जमिनीला उतार असतो, म्हणून किमान दोन चाकांस ब्रेक असावा. काम संपल्यावर चाके धुवावीत, आखात गुंतलेले केस व सुतळी काढावी आणि आवश्यकतेप्रमाणे ग्रीस भरावे.

वाट सुधारणे स्वस्त पडते

पुष्कळदा महाग चाकांपेक्षा अर्धी पाटी सिमेंट जास्त उपयोगी पडते. ५ सें.मी. उंच उंबऱ्याला ६० सें.मी. लांबीचा उतार करून द्यावा. मग २४० किलोची गाडी चढविण्यास अंदाजे २० किलो अधिक जोर पुरतो. गटारावर जाड पत्रा किंवा फळी टाकावी.

शेवटी, नवीन गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पूर्ण भार भरून ती रोजच्या वाटेने चालवून पाहावी. ही चाचणी जी व्यक्ती रोज गाडी ढकलणार आहे तिच्याच हातून करून घ्यावी. घरातील स्त्री किंवा मजूर यांना ती सहज ढकलता व थांबविता आली, तरच चाकांची निवड योग्य झाली असे समजावे.