दुपारी बरी दिसणारी माय

सकाळी माझ्या मायची मूठ वळत नाही. भाकर थापता येत नाही, न्हाणीतला नळ ती मनगटानं ढकलून सुरू करते. दुपारी मात्र हीच माय चांदूर रेल्वेच्या बाजारातून भाजी घेऊन येते. तिचं दुखणं नात्यागोत्यात बदनाम झालं ते यामुळेच. ‘सकाळी उठता येत नाही, मग दुपारी बाजार कसा जमते?’ बाबांना वाटायचं, हिचा स्वभावच चिडका झाला. शाळेच्या वेळी तिचा आवाज चढला की धाकटा भाऊ आपलंच काही चुकलं समजून गप्प व्हायचा. त्या लेकराचं गप्प होणं मला आजही बोचतं.

हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. रात्रभर हालचाल थांबली की सांधे आखडतात आणि सकाळी हळूहळू मोकळे होतात. झिजेच्या संधिवातात हे आखडलेपण बहुधा अर्ध्या तासात जातं, यात तासाहून जास्त टिकतं. सांधे सुजलेले असून असं रोज होत असेल तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका. 2006 च्या चिकुनगुनियानंतर सांधे धरलेली माणसं इकडे खूप होती, म्हणून मायचं दुखणंही ‘त्याच तापाचं’ ठरून मागे पडलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका ठिकाणी ती सुई घ्यायची. हात लगेच मोकळे व्हायचे. सुईत काय आहे, कोणी सांगत नव्हतं. अशा सुयांत, पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांच्या देखरेखीत ते कामाचं औषध आहे. लपवून दिलेलं हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं. औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम बंदही करू नका.

धामणगाव, पुलगाव, वर्धा हा रेल्वेचा रस्ता सरळ आहे; तपासणीसाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा अमरावती गाठा. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेततं. आमच्याकडे गोळी घेतली की भाऊ कॅलेंडरवर खूण करतो. गुण यायला दीड-दोन महिने, कधी जास्तही लागतात. तोवर रक्ततपासण्या चुकवू नका.

घरातली सकाळ मात्र तुम्हालाच बदलावी लागेल. सकाळच्या कामांचा भार गुपचूप मोठ्या मुलीवर येतो आणि तिचा अभ्यास जातो. तो भार बाबांनी उचलावा. लहान लेकरांना स्पष्ट सांगा, मायचे हात दुखतात, तिचा तुझ्यावर राग नाही. मायला ‘कसं वाटते?’ विचारलं तर ती ‘बरं आहे’ म्हणेल. ‘मूठ वळते का?’ असं विचारा.

अन् दुपारचं काम तिच्याकडून काढून घेऊ नका. डाळ निवडणं, मजुरीचा हिशेब, बाजार हे सारं माय करते. त्यात कोणी हात घालायचा नाही, हे तिनंच सांगून ठेवलं आहे.