शहराची निवड : पगाराच्या पलीकडचा हिशोब

माणूस गाव बदलतो तेव्हा केवळ पत्ता बदलत नाही. मुलांचे सवंगडी बदलतात, दाराबाहेर कानी पडणारी भाषा बदलते, नमाजची जमात बदलते, अर्ध्या रात्री हाक मारावी असा शेजारी बदलतो. पुष्कळदा आपल्या कबरीची जागाही बदलते. एवढा मोठा निर्णय आपल्या घरांतून बहुधा दोन आकड्यांवर घेतला जातो : पगार किती आणि घरभाडे किती. हे आकडे क्षुल्लक नाहीत. कुटुंबासाठी हलाल रोजी मिळवणे हे कर्तव्यच आहे. परंतु श्रद्धावंताच्या वहीत आणखी काही रकाने असावे लागतात. ते कोणते आणि कोणत्या क्रमाने मांडावेत, याचे मार्गदर्शन दिव्य कुरआनात आणि प्रेषितांच्या जीवनचरित्रात आहे. ते आपण या पाठात समजून घेऊ.

एका पित्याची दुआ

हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपले कुटुंब मक्केच्या ओसाड खोऱ्यात वसवले. तेथे शेती नव्हती. त्या प्रसंगाची त्यांची दुआ सूरह इब्राहीमच्या ३५ ते ३७ या आयतींत आली आहे. तिचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. प्रथम ते या नगरीसाठी शांतता व सुरक्षितता मागतात. नंतर स्वतःला आणि संततीला मूर्तिपूजेपासून दूर ठेवण्याची याचना करतात. आपण मुलाबाळांना येथे का वसवले, याचे कारण सांगताना ते नमाजचा उल्लेख करतात. त्यानंतर लोकांची मने या कुटुंबाकडे वळावीत अशी प्रार्थना करतात. आणि मग फळांची, म्हणजे उपजीविकेची मागणी येते. तीही त्यांनी कृतज्ञ व्हावे या हेतूने.

सुरक्षितता, ईमान, नमाज, माणसांचा जिव्हाळा, उपजीविका आणि कृतज्ञता, असा हा क्रम आहे. येथे रोजी विसरलेली नाही. मात्र ती शेवटाकडे आहे. आपण घर हलवताना हाच क्रम उलटा लावतो. आधी पगार ठरतो, पगारावरून शहर ठरते, भाड्यावरून वस्ती ठरते. आणि मशीद, शेजार, मुलांचे शिक्षण हे सर्व सामान उतरवल्यावर शोधले जाते.

सुरक्षितता आणि न्याय

प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी, इ.स. ६१५ मध्ये, मक्केतील छळ असह्य झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अनुयायांना हबशा, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या प्रदेशात जाण्याचा सल्ला दिला. तेथे मुस्लिम वस्ती नव्हती. राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्या देशाच्या निवडीचे कारण एकच सांगितले गेले : त्या राजाच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही.

या निवडीत आपल्यासाठी मोठा धडा आहे. वस्तीत आपले लोक किती आहेत, एवढेच पाहून भागत नाही. तेथे न्याय आणि माणुसकी किती आहे, हेही पाहावे लागते. आपल्याकडे या प्रश्नाला वेदनेची किनार आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील असंख्य कुटुंबे मुंब्र्यास स्थायिक झाली. त्यांनी सुरक्षितता प्रथम मानली, यात नवल नाही. आजही नाव ऐकताच भाड्याने घर नाकारले गेल्याचा अनुभव अनेकांच्या गाठी आहे. तरीही जेथे निर्भयपणे राहता येते, पण नळाला पाणी नाही, शाळा दूर आहे आणि कोपऱ्यावर नशेचा व्यापार चालतो, ती वस्ती मुलांसाठी सुरक्षित म्हणता येत नाही. उलट, जेथे भिन्न धर्मांचे सज्जन शेजारी एकमेकांच्या दारी जातात, ती जागा हबशाच्या आदर्शाला अधिक जवळची आहे. सूरह कुरैशमध्ये अल्लाहने भुकेपासून आणि भयापासून मुक्ततेची देणगी एकत्र सांगितली आहे. पोट भरले पण मन सतत धास्तावलेले राहिले, तर ती देणगी अपुरीच राहते.

दीन आणि संतती

बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाची कथा आहे. पुढे शंभरावा खूनही त्याच्या हातून घडला. पश्चात्तापाने तो एका विद्वानाकडे गेला. विद्वानाने त्याला तौबाचे दार खुले असल्याचे सांगितले. परंतु तेवढ्यावर न थांबता आपला दुष्ट गाव सोडून, जेथे लोक अल्लाहची उपासना करतात त्या गावी जाण्यास सांगितले. तो वाटेतच मरण पावला आणि त्या चांगल्या गावाच्या दिशेने तो किंचित अधिक जवळ होता, म्हणून त्याला क्षमा मिळाली. भोवतालचे वातावरण माणूस घडवते आणि बिघडवते, हे या कथेचे सार आहे. मोठ्या माणसाची ही स्थिती, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाची काय असेल?

म्हणून नवे घर पाहताना काही गोष्टी प्रत्यक्ष जाऊन तपासाव्यात. मशीद पायी जाण्याच्या अंतरावर आहे का? तेथे स्त्रियांसाठी जागा आहे का? जुम्याचे बयान मुलांना समजेल अशा भाषेत होते का? कोकणातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील ज्या मुलांची घरची भाषा मराठी किंवा कोकणी आहे, त्यांना अवघड उर्दूतील प्रवचन केवळ नाद म्हणून ऐकू येते. शाळेच्या वेळा आणि दीनी तालीमच्या वेळा जुळतात का, हेही विचारावे. शिक्षणाची सोय हे स्थलांतराचे उत्तम कारण आहे. मुंबईत १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामने किंवा कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०६ साली सुरू झालेल्या मुस्लिम बोर्डिंगने खेड्यापाड्यांतील मुलांना शहराची वाट मोकळी करून दिली. शहर ज्ञानासाठी निवडणे ही आपली जुनी आणि सन्मान्य परंपरा आहे.

मात्र मशिदीजवळच घर मिळाले पाहिजे, हा अट्टहासही योग्य नव्हे. बनू सलिमा या कबिल्याने मदिनेच्या कडेची आपली वस्ती सोडून मशिदीजवळ येण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले; मशिदीकडे पडणारे त्यांचे प्रत्येक पाऊल पुण्यात लिहिले जात होते. शहराच्या कडा ओस पडू नयेत, हाही त्यामागचा विचार होता. अंतर ही अडचण असू शकते. उदासीनता ही खरी हानी आहे.

माणसे : आईवडील आणि शेजारी

एक मनुष्य हिजरतची शपथ घेण्यासाठी प्रेषितांकडे (स.) आला आणि आपण आईवडिलांना रडत सोडून आलो, असे त्याने सांगितले. प्रेषितांनी (स.) त्याला परत पाठवले आणि जसे रडवलेस तसेच त्यांना हसव, अशी आज्ञा केली. हिजरतसारख्या महान कार्यापुढे आईवडिलांचे अश्रू एवढे जड ठरले; मग वाढीव पगारासाठी निघणाऱ्याने त्यांचा विचार किती करावा?

याचा अर्थ गाव सोडूच नये, असा नाही. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांची घरे मुंबईच्या आणि आखाती देशांच्या कमाईवर उभी राहिली आहेत. अर्थ एवढाच की निघण्यापूर्वी म्हाताऱ्या आईच्या औषधाची जबाबदारी कोणाकडे, वर्षातून किती वेळा येणार, तिला सोबत नेल्यास चौथ्या मजल्यावर लिफ्टविना तिचे काय होईल, हे प्रश्न सोडवून निघावे. गावचे अंगण सोडून एका खोलीत कोंडली गेलेली आई "मी ठीक आहे" म्हणते, तेव्हा तिच्या शब्दांपेक्षा तिच्या चेहऱ्याकडे पाहावे.

शेजाऱ्याविषयी जिब्रील (अ.) इतक्या वेळा ताकीद देत राहिले की शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळतो की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले. चांगला शेजारी आणि ऐसपैस घर यांची गणना त्यांनी माणसाच्या सौख्यात केली आहे. तेव्हा घराच्या भिंती पाहण्यापूर्वी भिंतीपलीकडच्या माणसांची चौकशी करावी.

रोजी आणि वेळ

मदिनेत आल्यावर हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि केवळ बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तूप यांच्या व्यापारापासून त्यांनी नवे आयुष्य उभारले. नव्या शहरात जाणाऱ्याने उपकाराचे ओझे न घेता कष्टाचा बाजार शोधावा, हा आदर्श त्यांनी घालून दिला.

पण हिशोब पूर्ण करावा. समजा, जिल्ह्याच्या गावी ३५,००० रुपये मिळतात आणि महानगरात ६०,००० मिळणार आहेत. वाढ २५,००० ची दिसते. त्यातून २०,००० भाड्यात आणि ३,००० प्रवासात गेले, तर हाती उरतात २,०००. जाण्यायेण्यास रोज साडेतीन तास लागले, तर २५ दिवसांत साडेसत्त्याऐंशी तास गेले. या तासांत असर आणि मगरिबची नमाज होती, मुलीचा अभ्यास होता, पत्नीशी दोन शब्द होते. ते २,००० रुपयांना विकायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे; पण विकतो आहोत हे माहीत असावे. मोठे घर घेण्याच्या हव्यासात व्याजाच्या कर्जात अडकण्यापेक्षा लहान शहरातील साधे घर बरे, हाही विचार याच रकान्यात येतो.

सर्व काही एकाच ठिकाणी मिळत नाही

निर्दोष शहर पृथ्वीवर नाही. खुद्द मदिनेची हवा मुहाजिरांना मानवली नाही, हजरत अबूबक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले आणि बिलाल (रजि.) मक्केच्या आठवणीने व्याकूळ झाले. प्रेषितांनी (स.) त्यावेळी मदिना मक्केइतकीच किंवा त्याहून अधिक प्रिय व्हावी, तिच्या मापांत बरकत यावी, अशी दुआ केली. पुढे येमेन, शाम आणि इराक जिंकले जातील, लोक समृद्धीसाठी कुटुंबांसह तिकडे निघतील, परंतु त्यांना कळले असते तर मदिनाच त्यांच्यासाठी अधिक चांगली होती, असेही त्यांनी सांगून ठेवले.

म्हणून उणिवांचे तीन भाग करावेत. काही उणिवा आपण भरून काढू शकतो : मदरसा दूर असेल तर मगरिबनंतर घरीच मुलांना शिकवता येते. काही सोसाव्या लागतात : उकाडा, गर्दी, पाण्याची टंचाई. आणि काही कोणत्याही किमतीत पत्करू नयेत : हराम कमाई, संततीच्या ईमानाचा नाश, आईवडिलांची परवड. तिसऱ्या प्रकारची एक जरी उणीव दिसली, तरी बाकीचे लाभ मोजत बसू नये.

निर्णय कसा घ्यावा?

पहिली पायरी नियतची. बुखारीच्या पहिल्याच हदीसमध्ये कर्म नियतवर अवलंबून असल्याचे सांगून उदाहरण हिजरतचेच दिले आहे : ज्याची हिजरत ज्या हेतूने, त्याला फळही त्याचेच.

दुसरी पायरी सल्लामसलतीची. हुदैबियाच्या प्रसंगी, इ.स. ६२८ मध्ये, प्रेषितांनी (स.) उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला ऐकला आणि त्याप्रमाणे वागले. जी स्त्री नव्या शहरात दिवसभर घर सांभाळणार किंवा नोकरी शोधणार, तिला निर्णय झाल्यावर कळवणे ही सल्लामसलत नव्हे. जाणत्या मुलांनाही विचारावे.

तिसरी पायरी इस्तिखाराची : दोन रकात नफ्ल आणि प्रेषितांनी (स.) शिकवलेली दुआ. त्यानंतर स्वप्न पडलेच पाहिजे, ही समजूत निराधार आहे. चौकशी व सल्ल्यानंतर जो मार्ग सुकर होईल त्यावर भरवसा ठेवून चालावे. शामच्या वाटेवर साथीची बातमी कळताच हजरत उमर (रजि.) यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशच्या वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि ते मागे फिरले. आपण अल्लाहच्या एका विधिलिखिताकडून त्याच्याच दुसऱ्या विधिलिखिताकडे जात आहोत, अशी त्यांची भूमिका होती. सावधगिरी आणि तवक्कुल यांत विरोध नाही.

पोहोचल्यावर

प्रेषित (स.) मदिनेत आले तेव्हा त्यांना पाहण्यासाठी आलेल्या अब्दुल्लाह बिन सलाम यांच्या कानी त्यांचा जो पहिला उपदेश पडला, त्यात चार गोष्टी होत्या : सलामचा प्रसार करा, लोकांना जेवू घाला, नाती जोडा आणि लोक झोपेत असताना नमाज पढा. नव्या शहरात पाऊल ठेवणाऱ्यासाठी यापेक्षा नेमका कार्यक्रम कोणता असू शकेल? पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना आपणहून सलाम-नमस्कार करावा, पहिल्या महिन्यात त्यांच्या घरी एक ताट पाठवावे, गावी फोन करण्याचा वार ठरवावा आणि नव्या घराच्या एका कोपऱ्याला रात्रीच्या सजद्याची ओळख करून द्यावी.

चांगले शहर शोधणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्या येण्याने ते शहर थोडे अधिक चांगले व्हावे, हेही आपलेच कर्तव्य आहे. अल्लाह आपल्या सर्वांना जेथे ठेवील तेथे शांतता, ईमान, प्रेमळ माणसे आणि हलाल रोजी देवो, आणि कृतज्ञ राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.