जतच्या उन्हात इंजिनाचा आकडा

१. काटा मध्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दामच मध्यावर धरून ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की ९५ वर, तो हलत नाही. काही गाड्यांत काटाच नाही, थेट लाल दिवा. वैशाखात भरली गाडी घेऊन, एसी लावून जतहून उमदी-संखकडे जाणाऱ्याला तो दिवा फार उशिरा सावध करतो. मला आकडा हवा होता, म्हणून हा घरगुती डॅशबोर्ड केला.

२. आधी गाडीचं वय बघा. स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट म्हणजे ओबीडीचं, गाडीच्या स्वतःच्या तपासणीचं सॉकेट. अमेरिकेत ते १९९६ पासून सक्तीचं. आपल्याकडे ओबीडीचा दुसरा टप्पा बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना २०१३ मध्ये लागू झाला आणि बीएस-४ देशभर आलं २०१७ मध्ये. मधल्या वर्षांतली जुनी गाडी असेल, तर त्या सॉकेटला ईएलएम३२७ अडॅप्टर लावून मोबाइलवर आकडे येतात का ते तपासा, मगच डॅशबोर्डासाठी पडदा विकत घ्या.

३. गणिताला घाबरू नका. कूलंटच्या तापमानासाठी गाडीला ‘०१ ०५’ विचारलं की उत्तर येतं ‘४१ ०५ ८२’. शेवटचा ८२ सोळाच्या पायाचा, म्हणजे आठ सोळे १२८ आणि वर २, झाले १३०. त्यातून ४० वजा केले की ९० अंश. शून्याखालची थंडीही एकाच बाइटमध्ये मावावी म्हणून हे ४०.

४. आता सगळ्यात महत्त्वाचं. उन्हात पडद्यावर उणे ४० दिसलं, तर बहुधा सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. हे लगेच ओळखू येतं. फसवतो तो दुसरा प्रकार. होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना आकडा चक्क खाली येऊ शकतो. म्हणून मी इशारा दोन्हीकडून लावला आहे: १०५ च्या वर गेलं तरी बझर, आणि चढाला, भरल्या गाडीत आकडा एकाएकी घसरला तरी बझर. तो वाजला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही.

५. पडद्यावर तीनच आकडे, मोठे: तापमान, आरपीएम, बॅटरीचा व्होल्टेज. आरपीएम सतत विचारा, तापमान दर काही सेकंदांनी पुरतं. के-लाइन या जुन्या पद्धतीने बोलणाऱ्या गाड्या उत्तरं सावकाश देतात.

६. सोळाव्या पिनेवर चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा. पडदा चालवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावला आणि त्याचा करंट अचानक तुटला तर मेमरी कार्ड बिघडू शकतं. या कामाला ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बरा, चावी फिरवताच चालू होतो.

७. गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायची घाई नको. पुसला की बिघाडाच्या क्षणी साठवलेले आकडेही जातात. त्याऐवजी आकड्यांची नोंद फिटरमामांना दाखवा. उभ्या गाडीत तापमान चढतं आणि पळताना उतरतं, तर ते आधी फॅन बघतील. वेगात, चढाला चढत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप.