विषाणूची बदलती रूपे

उमरेड हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपुरापासून ते सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. जवळच कोळशाची खाण आहे आणि पलीकडे कऱ्हांडल्याचे अरण्य पसरले आहे. २०२० साली कोरोनाची साथ जगभर पसरली. तिच्यातून उमरेडही सुटले नाही. आजार बळावला म्हणजे रुग्णाला नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागे. साथीच्या लाटा एकामागून एक आल्या. रोगाचे नाव तेच होते. रुग्णांची अवस्था मात्र प्रत्येक लाटेत निराळी होती. असे का व्हावे?

पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरविताना एखादे अक्षर चुके आणि ती चूक पुढच्या प्रतीत जाई. विषाणूचेही तसेच आहे. कोरोना विषाणूची जणू ३०,००० अक्षरांची पोथी असते. माणसाच्या पेशीत शिरून तो तिच्या असंख्य प्रती काढतो. त्यांत काही चुका राहतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. पण एखादीमुळे विषाणू अधिक वेगाने पसरू लागतो. अशा बदललेल्या विषाणूला नवे रूप म्हणतात.

नागपुरात पहिला रुग्ण मार्च २०२० मध्ये आढळला आणि सप्टेंबरात पहिली लाट शिगेला पोचली. रोग नवा होता आणि त्यावर लस नव्हती. वृद्ध माणसे, तसेच मधुमेह किंवा रक्तदाब असलेली माणसे यांना त्याने अधिक ग्रासले.

पुढे साथ ओसरल्यासारखी वाटली आणि लोक निर्धास्त झाले. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले. परंतु फार थोड्यांना लस मिळाली होती, तोच फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण वाढू लागले. मार्चमध्ये नागपुरात पुन्हा टाळेबंदी करावी लागली. भारतात प्रथम आढळलेले एक नवे रूप वेगाने पसरत होते. कोणत्याही देशाला दोष लागू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पुढे रूपांना ग्रीक अक्षरांची नावे दिली. त्यानुसार हे रूप ‘डेल्टा’ होय.

या लाटेत घरेच्या घरे आजारी पडली. तरुणही मोठ्या संख्येने रुग्णालयांत आले. फुप्फुसे सुजल्याने अनेकांच्या रक्तातील प्राणवायू घटला. आपल्या सभोवारच्या हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू असतो. तरी त्या रुग्णांना तो पुरेना. खाटा आणि प्राणवायू यांसाठी आप्तांना वणवण करावी लागली. तेव्हा कळंबोलीहून सात टँकर आगगाडीने विशाखापट्टणमला पाठविण्यात आले. ते भरून परतताना गाडी २३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरास पोचली. तीन टँकर तेथे उतरले, चार नाशिकला गेले. तरीही कितीतरी घरांतील माणसे परत आली नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी ‘ओमिक्रॉन’ या रूपाची वार्ता जगाला दिली. जानेवारी २०२२ मध्ये येथेही ते झपाट्याने पसरले. बाधित पुष्कळ झाले. पण त्यांतील थोड्यांनाच रुग्णालयात जावे लागले. याची दोन कारणे होती. हे रूप फुप्फुसांपेक्षा श्वासनलिकांत अधिक वाढे. शिवाय लसीमुळे, किंवा पूर्वी आजार होऊन गेल्यामुळे, बहुतेकांच्या शरीराला शत्रूची ओळख झाली होती. मात्र लस न घेतलेल्या वृद्धांना व दुर्बलांना याही रूपाने जीवघेणा त्रास दिला.

म्हणजे रुग्णाची अवस्था केवळ विषाणूच्या रूपावर अवलंबून नसते. शरीराची तयारी आणि वेळेवर मिळणारे उपचार यांवरही ती अवलंबून असते. विषाणूने आपले रूप बदलू नये, हे माणसाच्या हाती नाही. पण जितक्या कमी लोकांना बाधा होईल, तितक्या त्या पोथीच्या प्रती कमी निघतात आणि नव्या रूपांना संधीही कमी मिळते. म्हणूनच लस घेणारा आणि आजारी असता घरी थांबणारा माणूस स्वतःबरोबर शेजाऱ्याचेही रक्षण करतो.

स्वाध्याय
१. विषाणूच्या बदलाला पोथीच्या नकलेची उपमा का दिली आहे?
२. दुसऱ्या लाटेतील रुग्णांची अवस्था तुमच्या शब्दांत लिहा.
३. तिसऱ्या लाटेत रुग्णालयात जाणारे थोडे का होते?
४. वाक्यांत उपयोग करा : शिगेला पोचणे, निर्धास्त होणे, वणवण करणे.